किटलीतली जागा

त्या कॉलेजात प्रवेश मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळत नाही त्यालाच नीट सांगता येतं. ज्याला मिळतो तो फक्त एवढंच सांगतो, की मन लावून अभ्यास केला की होतं सगळं. कॉलेजच्या माहितीपुस्तकातही गुणवत्ता हा शब्द पानोपानी पेरलेला आहे. किटली हा शब्द मात्र कुठेच नाही. आणि गंमत अशी, की दरवर्षी तिथली शेवटची जागा किटलीतूनच निघते.

किटली मुळात मावशींची. मावशी म्हणजे जिन्याखालच्या खोलीत चहा करणाऱ्या बाई. खोली कसली, दोन शेगड्या, एक बेसिन, कपांचं फडताळ आणि मधे उभं राहायला एका माणसापुरती जागा. प्राध्यापक मंडळी आली की खोलीबाहेरूनच ओरडायची, कारण आत दुसरा माणूस मावतच नसे. या खोलीत मावशींची उभी हयात गेली. नवरा लवकर गेला, लेक लग्न करून दुसऱ्या शहरात कामाला लागली, आणि मावशी चहा उकळत राहिल्या.

त्या तरुण होत्या तेव्हाची गोष्ट. एका वर्षी शेवटच्या एका जागेसाठी सारख्याच मार्कांची बरीच मुलं आली. अगदी दशांश चिन्हानंतरसुद्धा सारखी. प्रवेश समिती दिवसभर बसली. निबंध पाहिले, खेळ पाहिले, अक्षर पाहिलं, आणि कोणी बघत नाहीसं पाहून बापाचा धंदाही पाहिला. एकमत काही होईना, कारण प्रत्येक सभासदाचा आपापला एक गुणवंत ठरलेला होता. शेवटी कंटाळून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. त्यासाठी बक्षिसांच्या कपाटातलं काचेचं भांडं काढायला गेले, तर कपाटाची किल्ली घेऊन तेव्हाचे हेडक्लार्क रजेवर. टेबलावर मावशींची मोठी ॲल्युमिनियमची किटली रिकामी पडली होती. घातल्या चिठ्ठ्या तिच्यात.

किटलीचं पोट मोठं, पण तोंड अरुंद. तेव्हाच्या प्राचार्यांचा पंजा आत जाईना. बाकीच्यांनीही करून पाहिलं, पण खुर्चीत बसून बसून सगळ्यांचे हात बाळसेदार झालेले. मावशी दाराशी किटलीसाठीच खोळंबल्या होत्या, कारण चारच्या चहाला उशीर होत होता. रोज आतून घासायची सवय, त्यामुळे त्यांचा हात कोपरापर्यंत जायचा. "द्या इकडे," म्हणाल्या, आणि एक चिठ्ठी काढून टेबलावर टाकली. उरलेल्या ओतून टाकल्या आणि किटली घेऊन चालत्या झाल्या. मोठमोठ्या संस्थांच्या परंपरा अशाच सुरू होतात. कोणाला तरी कामाची घाई असते, आणि पुढच्यांना वाटतं, यात काहीतरी खोल अर्थ असणार.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच वेळ आली आणि पुन्हा मावशींना बोलावलं. मग ते दरवर्षीचंच झालं. काही वर्षांनी किटली त्यांच्याकडून काढून घेतली, घासून लखलखीत केली आणि कॉलेजच्या रंगाची फीत बांधून काचेच्या कपाटात चषकांशेजारी ठेवली. मावशींना नवी किटली मिळाली, तिचं झाकण बसत नसे. हात काही कपाटात ठेवता येत नव्हता, म्हणून तो तेवढा कप धुवायला मोकळा राहिला.

परीक्षा संपल्यापासून चिठ्ठी निघेपर्यंतचे दिवस म्हणजे मावशींचा राजयोग. एरवी "ठेवा तिथे" यापलीकडे त्यांच्याशी शब्द न बोलणारी जात एकाएकी त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागे. ही जात म्हणजे पालक. गाड्या फाटकाबाहेर लावून ही मोठी माणसं जिन्याखाली वाकून यायची, वरच्या पायरीवर डोकं आपटून घ्यायची आणि तरी हसत म्हणायची, "मावशी, हाताची काळजी घेता ना?"

"घेते की," मावशी म्हणायच्या. "रोज चाळीस कप धुऊन घेते."

त्यांना चढवून ठेवायला गेलेला माणूस असा तोंडावर पडायचा, पण पालक ही पडूनही न लागणारी जमात. हात लाभला तर लाभला, नाहीतर आपलं काय जातं, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

यंदा त्यांत दोघं आघाडीवर होते. एक दातांच्या डॉक्टरीणबाई. शास्त्र शिकलेल्या, दवाखान्याच्या भिंतीवर पदव्यांची माळ. पण कोण्या ज्योतिषाने त्यांना सांगितलं होतं, की मुलीचं भलं एका वयस्क बाईच्या हातून होईल. सासूशी त्यांचं पटत नव्हतं, म्हणून त्या मावशींकडे आल्या. येताना हाताला लावायचं क्रीम घेऊन आल्या आणि मावशींचा ओला हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसरे टाइल्सचे व्यापारी. ते व्यवहारी गृहस्थ. त्यांनी थेट विचारलं, "मावशी, हात आत घातला की तुम्ही डावीकडे जाता की उजवीकडे?"

"खाली जाते," मावशी म्हणाल्या.

टाइल्सवाले तडक हेडक्लार्ककडे गेले आणि वेळ आलीच तर आपल्या मुलाची चिठ्ठी सगळ्यात आधी टाका म्हणजे तळाला राहील, अशी विनंती करून आले.

हे सगळं मावशी घरी जाऊन नातीला रंगवून सांगायच्या आणि दोघी पोट धरधरून हसायच्या. नात शाळेत जायला लागली तेव्हापासून आजीकडेच राहायची. हुशार, थोडी तिरसट, आणि बोलायला लागली की समोरच्याची भीडभाड न ठेवणारी. हा गुण कुठून आला, असं मावशी लेकीला फोनवर विचारायच्या आणि लेक पलीकडून नुसती हसायची.

नातीला आजीने एक गोष्ट मात्र दबक्या आवाजात सांगितली होती. पहिल्या वर्षी किटलीतून निघालेला तो मुलगा म्हणजे आजचे प्राचार्य. इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर व्हरांड्यात आईमागे उभा होता, नाव वाचल्यावर रडला होता. आता त्यांच्या परिचयात छापलेलं असे, की असामान्य गुणवत्तेच्या बळावर त्यांनी याच संस्थेत प्रवेश मिळवला. प्राचार्य झाल्या झाल्या त्यांनी मावशींना केबिनमध्ये बोलावलं होतं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मावशी, जुन्या गोष्टी आता कोणाच्या लक्षात नसतील, नाही का?"

"माझ्या लक्षात फक्त साखर किती ते राहतं, सर," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला एक चमचा."

त्या दिवसापासून प्राचार्य चहा बिनसाखरेचा घेऊ लागले, का ते त्यांचं त्यांना माहीत.

कॉलेजात विशेष काही नाही हे मावशींइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. कपबशी हातात धरून त्याच त्या पाच वाक्यांवर वर्षं काढणारे विद्वान त्यांनी पाहिले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी जिन्यात बसून रडणारे, आईने बॅग भरून दिल्याशिवाय घराबाहेर न पडणारे गुणवंत पाहिले होते. आणि इथून बाहेर पडल्यावर त्याच गुणवंतांना कॉलेजचं नाव ऐकून लोक कशा खुर्च्या पुढे करतात, तेही पाहिलं होतं. म्हणून नात तिथेच जायला हवी, यावर त्या अडून बसल्या. दुसरी कॉलेजं बरी होती, एक तर घरापासून जवळही होतं. पण त्यातून बाहेर पडलेल्या पोराला कोणी खुर्ची देत नव्हतं. आपली लेक जन्मभर उभ्याने काम करते आहे, आपणही केलं, आता तिसरीने तरी बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. हे म्हणणं त्या कोणाला सांगत नसत.

मार्क आले. नात शेवटच्या रेघेवर अडकली, आणखी सहा जणांबरोबर. डॉक्टरीणबाईंची मुलगी तिथेच होती, टाइल्सवाल्यांचा मुलगाही. जागा एक, आणि ती किटलीत.

मावशी सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "सर, यंदा माझ्या नातीची चिठ्ठी आहे. दुसऱ्या कोणाला काढायला सांगा."

प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. नियम काय म्हणतो ते त्यांना आठवेना, कारण असा नियम कधी लिहिलाच नव्हता. मग त्यांनी सातही घरच्यांना बोलावून विचारलं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, की बरोबर आहे, आजीने काढू नये. पण शहाणी माणसं तिथे कशाला येतील? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छे छे, परंपरा मोडायची नाही." त्यांचं ज्योतिषाचं सगळं गणितच मावशींच्या हातावर उभं होतं. टाइल्सवाले म्हणाले, "मावशी देवमाणूस आहेत. आमचा पूर्ण विश्वास आहे." मुलाची चिठ्ठी तळाला जाणार हे त्यांनी पक्कं करून ठेवलं होतं. बाकीचेही माना डोलावून मोकळे झाले. न्यायापेक्षा हातावर भरवसा जास्त, असा तो एकमुखी ठराव झाला.

त्याच दुपारी हेडक्लार्क चहाचा कप घेऊन जिन्याखाली रेंगाळले. इकडेतिकडे बघत पुटपुटले, "मावशी, चिठ्ठ्यांना मीच घडी घालणार आहे. तुमच्या नातीच्या चिठ्ठीला एक घडी जास्त घालू का? बोटाला लगेच कळेल."

"नको," मावशी म्हणाल्या.

हेडक्लार्क खांदे उडवून निघून गेले. मावशींनी पातेलं इतकं घासलं की त्याला चरे पडले. नको का म्हटलं, हेच त्यांना कळेना. इतकी वर्षं ज्यांना मनातल्या मनात हसत आलो, त्यांच्यापेक्षा आपण बऱ्या आहोत असं वाटायची हौस, दुसरं काय. त्या हौसेपायी नातीची जागा पणाला लागली होती. घरी गेल्यावर त्या नातीशी नीट बोलल्या नाहीत आणि भाजीत मीठ दोनदा पडलं.

चिठ्ठीच्या दिवशी हॉल गच्च भरला. भिंतीवर माजी प्राचार्यांच्या तसबिरी, खाली लाकडी खुर्च्या, पुढच्या रांगेत माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. हे अध्यक्षही एके काळचे किटलीतलेच, पण आता त्यांचा सूट इतका भारी होता की कोणाला तशी शंका येणं शक्य नव्हतं. मखमलीच्या कापडावर किटली ठेवली. हेडक्लार्कनी सात चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून आत टाकल्या, टाइल्सवाल्यांच्या मुलाची पहिली. मग प्राचार्यांनी गुणवत्तेवर भाषण केलं. चिठ्ठी टाकायच्या दिवशी गुणवत्तेवर बोलायला छाती लागते, आणि ती त्यांना होती.

मावशींनी बाही वर केली. हात आत गेला. आणि नको म्हणून आलेल्या त्या बाईची बोटं आत गेल्या गेल्या जास्तीची घडी शोधायला लागली. हेडक्लार्कने न विचारता घातली असेल, दया आली असेल, असं काहीतरी मनात घेऊन त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या चाचपल्या. सगळ्या सारख्या. आयुष्यात एकदा हा माणूस सांगितल्याप्रमाणे वागला होता आणि तोही नेमका आज. बाहेर लोक वाट बघत होते, कोणीतरी खाकरलं. मावशींचे डोळे भरून आले. जी हाताला लागली ती चिठ्ठी त्यांनी ओढून काढली आणि प्राचार्यांकडे न बघताच पुढे केली.

प्राचार्यांनी वाचली. परत वाचली. मग नातीचं नाव घेतलं.

क्षणभर कोणी टाळी वाजवली नाही. मावशींना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग टाइल्सवाले उठले. "हे काय चाललंय? किटली यांची, हात यांचा, नात यांची. आम्ही काय डोळे मिटून बसायचं?"

"आपणच मावशींच्या हाताचा आग्रह धरला होता," प्राचार्य चाचरत म्हणाले.

"म्हणून काय घरच्यांचीच काढायची?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्रीमची आठवण होऊन त्यांचा चेहरा लाल झाला होता. "इतकी वर्षं हात घालतात त्या त्यात. आत काय कसं आहे त्यांना पाठ आहे. हा प्रवेश नव्हे, हातचलाखी आहे."

आजवर या किटलीतून कितीतरी नावं निघाली होती आणि प्रत्येक वेळी ते नशीब ठरलं होतं, मग महिन्याभरात त्याची गुणवत्ता झाली होती. पहिल्यांदा चहावालीच्या घरचं नाव निघालं आणि त्याची लबाडी व्हायला एक मिनिटही लागलं नाही. मी काही केलं नाही, असं ठणकावून सांगायचं तर आत बोटं काय करत होती ते मावशींना माहीत होतं. त्यांनी वर केलेली बाही खाली ओढली. हॉलमध्ये गलका वाढला. "परत काढा," कोणीतरी म्हणालं आणि मग सगळेच म्हणू लागले.

प्राचार्य नातीकडे वळले. आवाज मधाळ केला. "बाळ, तू समजूतदार आहेस. प्रश्न संस्थेच्या प्रतिष्ठेचा आहे. तूच म्हणालीस की परत काढा, तर सगळ्यांचं समाधान होईल. नशिबात असेल तर पुन्हा तुझंच नाव निघेल."

नात मागच्या रांगेतून पुढे आली. तिने हात पाठीमागे बांधले होते.

"चालेल, सर. परत काढा," ती म्हणाली. "पण आजीचा हात खोटा असेल तर तो आजच खोटा झाला असं कसं म्हणायचं? आजवर तिने ज्यांच्या चिठ्ठ्या काढल्या, त्यांच्याही परत काढा. अगदी पहिल्या वर्षापासून. म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको."

पुढच्या रांगेत माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षांना ठसका लागला. खिडकीपाशी उभे असलेले दोन प्राध्यापक एकदम बुटांकडे बघू लागले. प्राचार्यांनी मावशींकडे पाहिलं, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. मावशींनीही पाहिलं. साखर किती, हे त्या विसरल्या नव्हत्या आणि बाकीचंही विसरल्या नव्हत्या, हे त्या माणसाला तिथल्या तिथे कळलं.

त्याने घाम पुसला आणि त्याला एकाएकी कंठ फुटला. "या संस्थेत निघालेली चिठ्ठी पुन्हा काढण्याची पद्धत नाही," प्राचार्य कडाडले. "ही परंपरा आहे. मावशींच्या प्रामाणिकपणावर शंका घेणं म्हणजे संस्थेवर शंका घेणं. मी ते खपवून घेणार नाही. प्रवेश कायम."

अध्यक्षांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. न्याय अशा रीतीने विजयी झाला. तो भीतीने विजयी झाला, पण ही बारकाई टाळ्यांमध्ये ऐकू येत नाही. टाइल्सवाले मुलाला घेऊन तणतणत निघून गेले. डॉक्टरीणबाई मात्र जाता जाता जिन्याखाली शिरल्या आणि फडताळावरची क्रीमची अर्धी बाटली उचलून पर्समध्ये टाकून गेल्या.

संध्याकाळी आजी-नात घरी निघाल्या.

"आजी, खरं सांग," नात म्हणाली. "ठरवून काढलीस?"

मावशी थांबल्या. "शोधली होती," म्हणाल्या. "शपथेवर सांगते, खूप शोधली. सापडली नाही. मग हाताला लागली ती काढली."

नातीने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. फक्त आजीच्या हातातली पिशवी काढून स्वतःकडे घेतली.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला कपड्यांची चळत लावत होता. मुलीला लहानपणापासून ओळखणारा. "काय झालं मग प्रवेशाचं?" त्याने विचारलं.

"झाला," मावशी म्हणाल्या. "त्याच कॉलेजात. मार्कांवर."

नातीने आजीकडे पाहिलं. "चिठ्ठीवर झाला, काका," ती म्हणाली. "आजीनेच काढली."

"अच्छा, म्हणजे नशीब जोरावर होतं म्हणा," इस्त्रीवाला हसत म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

मावशींचं टाळकं सटकलं. "नशीब कसलं? चिठ्ठीत नाव जायलाच मार्क लागतात. ते काय वाटेवर पडले होते? वर्षभर पोरीने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. आमच्या घरात पहिल्यापासून अभ्यासाला किंमत आहे. चिठ्ठी आपली नावापुरती."

इस्त्रीवाला बिचारा खाली मान घालून पुढचा शर्ट पसरू लागला.

"आजी," नात म्हणाली, "अगदी पालक झालीस गं."

चार पावलं पुढे गेल्यावर मावशींनी नातीचा दंड धरला, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते असू दे. पण तिथे वर्गात कोणी विचारलं ना, तर मी काय काम करते ते सांगू नकोस."